मामा काम सोडून चाललेत, त्यांचा हिशेब कसा करू?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे. चार लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिल. सगळं माझ्या यजमानांनी उभं केलं. २०२३ साली ते गेले, तेव्हापासून मी बघते. आमच्याकडे एक जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. जून २०११ पासून ते आहेत. यजमान गेल्यावर वर्कशॉपला कुलूप लागलं नाही ते मामांमुळे. आता मार्च २०२६ अखेर ते काम सोडतायत. दिंडोरीजवळ त्यांची द्राक्षबाग आहे, मुलाला एकट्याला झेपत नाही.

त्यांचा पगार २०,८०० रुपये, एकरकमी. हिशेब करायला घेतला तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. अकाउंटंट म्हणतात, आता आठच माणसं आहेत, ग्रॅच्युइटी दहा माणसांवर लागते. पन्नास हजार द्या आणि ‘काही येणं नाही’ अशी सही घ्या. (२०१८ मध्ये मात्र आमच्याकडे तेरा जण होते.) नाहीतर पगार बेसिक आणि भत्ते असा मागच्या तारखेने तोडून दाखवू, रक्कम निम्म्यावर येईल, असंही ते म्हणाले. दीर म्हणतात, तुझी जबाबदारी तुझ्या तीन वर्षांपुरतीच. शिवाय मामा दरवर्षी छाटणीला आणि काढणीला खाडे करायचे, लॉकडाऊनमध्ये तर तीन महिने कामच नव्हतं. ती वर्षं धरायची का? मे २०२२ मध्ये मामांच्या मुलीच्या लग्नाला यजमानांनी ६०,००० रुपये उचल दिली होती, तोंडी बोलीवर. ती वळती करता येईल का? दर दिवाळीला एक पगार बोनस दिलाय, त्यात हे आलं नाही का? मामांना फसवायचं माझ्या मनात नाही, पण हातात पैसेही फार नाहीत.
– एक उद्योजिका, अंबड, नाशिक

उत्तर :

ताई, आधी रक्कम सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात धाकधूक राहणार नाही. मामांची ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने सेवेबद्दल द्यायची रक्कम, १,८०,००० रुपये होते. महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, असं ते सूत्र आहे. २०,८०० ला २६ ने भागलं की रोजचे ८०० रुपये. पंधरा दिवसांचे १२,०००. जून २०११ ते मार्च २०२६ म्हणजे चौदा वर्षं आणि वर नऊ-दहा महिने. शेवटच्या वर्षातले सहा महिन्यांच्या वरचे महिने पूर्ण वर्ष धरले जातात, म्हणून पंधरा वर्षं. राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही ही रक्कम मिळते, फक्त पाच वर्षांची सलग नोकरी लागते. मामांची ती केव्हाच झाली आहे.

ही रक्कम तुम्ही त्यांना पूर्ण द्यावी, बँकेतून द्यावी आणि हिशेबाचा कागद त्यांच्या हातात ठेवून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कायदा सांगतो म्हणून तर द्यायचीच. पण तुम्ही स्वतः लिहिलंय की वर्कशॉप मामांमुळे टिकलं. अशा माणसाबरोबरचा शेवटचा व्यवहार पुसट सहीवर उरकला, तर उद्या दिंडोरीला त्यांना कुणीतरी खरा आकडा सांगणारच. तेव्हा कोर्टाच्या नोटिशीपेक्षा जास्त नुकसान तुमच्या नावाचं होईल. उरलेले सात जणही बघत असतात.

आता आठ माणसांची गोष्ट. अकाउंटंट अर्धं बरोबर सांगतायत. ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागते हे खरं. पण एकदा लागू झाली की पुढे माणसं कमी झाली तरी ती सुटत नाही. २०१८ मध्ये तुमच्याकडे तेरा जण होते, तेव्हाच ती तुमच्या वर्कशॉपला लागली. मोजताना मशीनवरचे तेवढेच मोजायचे नसतात. डीबरिंगला (भागांच्या कडा साफ करायला) बसणाऱ्या बायका, हेल्पर, टेम्पोवरचा माणूस, पगारावर असलेले सगळे धरायचे. जुन्या मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, ती नावं असतील. तुमच्याकडे नसली तरी मामांना ती तोंडपाठ असतील, हेही लक्षात घ्या.

‘कायदा आता बदलला ना?’ असं कुणीतरी म्हणेल, म्हणून तेही सांगून टाकतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. मामांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. पंधरा दिवसांचं सूत्र तेच, दहा माणसांची अट तीच, आणि माणसं घटली तरी जबाबदारी राहते हेही तेच. मुदतीच्या करारावर नेमलेल्या माणसाला आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी मिळते. पुढे कुणाला अकरा महिन्यांच्या किंवा दोन वर्षांच्या कागदावर घ्यायचा विचार असेल तर हा बदल ध्यानात ठेवा.

पगार तोडून दाखवायचा सल्ला मात्र ऐकू नका. मामांचा पगार आजवर एकरकमी गेला. पगारपत्रकात आणि बँकेच्या पासबुकात तो तसाच दिसतो. त्याची बेसिक आणि भत्ते अशी फोड कधी झालीच नव्हती, त्यामुळे हिशेबाला पूर्ण पगारच धरायचा. ओव्हरटाइम तेवढा बाजूला ठेवायचा. मागच्या तारखेची पगारपत्रकं तयार करणं म्हणजे खोटा दस्त तयार करणं. एक लाख ऐंशी हजारांचा साधा हिशेब त्यामुळे फौजदारी प्रकरणाच्या दारात जाऊ शकतो, आणि त्या कागदावर सही तुमची असेल, अकाउंटंटची नसेल. तसंही नव्या संहितेत भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पुन्हा वेतनातच मिळवला जातो, तेव्हा बेसिक नावापुरतं ठेवायची जुनी युक्ती पुढच्यासाठीही उपयोगाची नाही.

खाड्यांबद्दल. नाशिकमध्ये हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्कशॉपचा आहे. सातपूर-अंबडच्या मशीनवर उभा असलेला माणूस दिंडोरीचा, निफाडचा किंवा सिन्नरचा शेतकरीही असतो. ऑक्टोबर छाटणीला तो आठवडाभर दिसत नाही आणि फेब्रुवारी-मार्चला काढणी आली की पुन्हा गायब. मालकाला ते माहीत असतं, तो वैतागतो, पण चालवून घेतो. कायद्याच्या नजरेत असे खाडे म्हणजे नोकरीतला खंड नव्हे. गैरहजेरीमुळे खंड पडला असं धरायचं तर त्या वेळीच तसा रीतसर लेखी आदेश निघालेला असावा लागतो. यजमानांनी असं काही केलं नव्हतं. मामा परत आले की मशीनवर घेतलं. शिवाय वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर ते वर्ष सलगच धरलं जातं. मस्टर उघडून मोजा, महिना-दीड महिन्याचे खाडे वजा करूनही २४० भरतील. लॉकडाऊनचे तीन महिने तर मामांच्या चुकीने गेले नव्हते. कामगाराच्या दोषाशिवाय काम बंद राहिलं तर तो काळ नोकरीत मोडतो. म्हणून पंधराच्या पंधरा वर्षं धरा.

दिरांनी काढलेला मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे. वर्कशॉप आधी यजमानांच्या नावावर, आता उद्यम नोंदणी तुमच्या नावावर, मग आधीची बारा वर्षं तुमच्या गळ्यात का? कारण यजमान गेले तेव्हा कुणाचाही हिशेब चुकता झाला नाही. तीच जागा, तीच मशीनं, तीच गिऱ्हाइकं, आणि पुढच्या महिन्याचा पगार तुमच्या हातून निघाला. मालक बदलला तरी कामगाराची नोकरी तुटली नाही, तर मागची सेवा धंद्याबरोबर पुढच्या मालकाकडे येते. आणि तुम्ही तर वारस आहात; धंद्याची मशीनरी, येणी, नाव जसं तुमच्याकडे आलं तसं देणंही आलं.

आता उचल. ही तुम्हाला सगळ्यात बोचत असणार, कारण साठ हजार थोडे नाहीत आणि ते यजमानांनी विश्वासाने दिले. तरीही ग्रॅच्युइटीतून ते कापता येत नाहीत. ग्रॅच्युइटीला कायद्याने इतकं संरक्षण दिलंय की दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याखालीही तिच्यावर जप्ती येत नाही. मालकाला ती रोखता येते ती ठरावीक कारणांनी, म्हणजे मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीसाठी किंवा गंभीर गैरवर्तनासाठी कामावरून काढलं असेल तर. हातउसने पैसे त्यात बसत नाहीत.

दुसरी अडचण मुदतीची आहे. तोंडी दिलेले पैसे वसूल करण्याचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. मे २०२२ ची उचल मे २०२५ मध्ये मुदतीबाहेर गेली. मधल्या काळात मामांनी लेखी कबुली दिली असेल, किंवा काही रक्कम फेडून त्याची नोंद स्वतःच्या सहीने केली असेल, तर मुदत नव्याने मोजली जाते. यजमानांची डायरी आणि व्हाउचरची फाइल एकदा बघाच. काही सापडलं नाही, तर कोर्टाचा रस्ता बंद झाला असं समजा.

पण माणसाशी बोलायचा रस्ता बंद होत नाही. ग्रॅच्युइटीची पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, मामांना चहाला बोलवा आणि सरळ विचारा : “मामा, मुलीच्या लग्नाच्या वेळचे साठ हजार होते, त्याचं कसं करायचं?” ते बहुतेक स्वतःच विषय काढतील. मुदत संपलेलं कर्जही माणसाने स्वतःच्या मर्जीने लेखी कबूल केलं तर ते वचन कायद्याने बांधील ठरतं. तेव्हा द्राक्षाचा माल गेल्यावर इतके देतो, असं ते लिहून देत असतील तर घ्या. एक पथ्य मात्र पाळा. ‘आधी उचल लिहून द्या, मग ग्रॅच्युइटी’ असं म्हणू नका. तसं झालं तर ती मर्जी राहणार नाही आणि त्या कागदालाही अर्थ उरणार नाही. यजमान तेव्हा ‘राहू द्या मामा’ म्हणाले असण्याचीही शक्यता आहे. मामा तसं म्हणाले तर त्यांच्यावर विश्वास ठेवावा असं मला वाटतं. पण तो निर्णय तुमचा.

दिवाळीचा बोनस ग्रॅच्युइटीत वळत नाही. तो त्या-त्या वर्षीच्या कामाचा होता.

‘काही येणं नाही’ या सहीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण नाशिकच्या किती छोट्या मालकांना त्या एका ओळीचा फार मोठा आधार वाटतो. कायद्याने मिळालेला हक्क कामगाराने कमी पैशांत सोडून दिला, तरी तो कागद त्याला बांधत नाही. ग्रॅच्युइटीची तरतूद अशा करारांच्या वरची आहे. पन्नास हजारांवर सही घेतली तरी उरलेले एक लाख तीस हजार तुमच्या नावावर तसेच उभे राहतात, आणि त्यावर उशिराचं व्याज चढत जातं. तुम्हाला खरोखर वाचवणारा कागद वेगळा असतो. त्यात आकडे असतात. मराठीत, साध्या भाषेत लिहा : कामाला लागल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख, शेवटचा पगार, ग्रॅच्युइटीची मांडणी ओळीने, मार्चचा पगार, शिल्लक हक्काच्या रजांचे पैसे, एकूण रक्कम, कुठल्या खात्यात कुठल्या दिवशी जमा केली ते. खाली ‘हा हिशेब मला वाचून दाखवला, समजला, वरील रक्कम माझ्या खात्यात मिळाली’ आणि मामांची सही. पैसे जमा झाल्यानंतरच सही घ्यायची. एक प्रत त्यांना द्यायची. शक्य असेल तर सही करायच्या वेळी त्यांच्या मुलाला बरोबर बोलवा; घरात हिशेब सगळ्यांना कळलेला बरा.

राजीनामा मामांच्या अक्षरात घ्या, बागेचं कारण त्यांच्याच शब्दांत. मार्चचा पगार आणि बाकीचं वेतन काम सोडल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, ग्रॅच्युइटी तीस दिवसांत. रोख देऊ नका. एका दिवसात एका माणसाला दहा हजारांच्या वर रोख दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही. बँकेतून दिलात तर हीच रक्कम तुमच्या धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते, आणि मामांनाही तिच्यावर कर लागत नाही.

पैशांची सोय हा खरा पेच. तीस दिवसांत एक लाख ऐंशी हजार उभे करणं छोट्या वर्कशॉपला जड आहे, हे मी समजू शकतो. बँकेत कॅश क्रेडिट खातं असेल तर आधी तिथे बोला. जमलंच नाही, तर मामांना आजच सांगा, मार्चअखेर नको. निम्मी रक्कम लगेच आणि उरलेली दोन-तीन ठरलेल्या तारखांना, असं दोघांनी मिळून लिहून ठेवता येईल. कायद्याने ते एकदम मागू शकतात आणि उशिराचं व्याजही, हे त्यांना माहीत असू द्या, आणि तरी ते थांबायला तयार झाले तर तारखा पाळा. एकही चुकवू नका.

उरलेल्या सात जणांसाठी आत्तापासून बाजूला काढायला लागा. पंधरा दिवसांचा पगार वर्षाला म्हणजे महिन्याच्या पगाराच्या ४.८१ टक्के. मामांच्या पगाराला तो आकडा बरोबर महिना एक हजार रुपये येतो. यजमानांनी २०११ पासून मामांच्या नावाने काढून ठेवायला सुरुवात केली असती तर सुरुवातीच्या कमी पगाराला तर तो याहून थोडा असता. एलआयसीची ग्रुप ग्रॅच्युइटी योजना आहे. ती जमत नसेल तर निदान वेगळं आवर्ती ठेव खातं उघडा. सातही जणांची नामनिर्देशनं भरून घ्या. कामावर असताना कुणाचा मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट राहत नाही, आणि मग पैसे कुणाच्या हातात द्यायचे या वादात तुम्ही सापडाल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्र वाचताना दोन गोष्टी खटकल्या. पहिली, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, उल्लेखच नाही. विजेवर चालणाऱ्या मशीनवर तेरा माणसं होती म्हणजे कामगार विमाही तुम्हाला लागू झाला होता, आणि तोही माणसं घटल्यावर सुटत नाही. वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे, मामा तिच्या आत बसतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. नोंदणी राहिली असेल तर तपासणीची वाट न बघता स्वतःहून करा. मागच्या काळातला कामगारांचा वाटा आता त्यांच्या हिशेबातून कापता येत नाही, तो तुम्हालाच भरावा लागेल. हे काम अकाउंटंटवर न सोपवता कामगार कायदा बघणाऱ्या सल्लागाराकडे द्या. निमा किंवा तुमच्या अंबडच्याच आयमा या उद्योजकांच्या संघटनांकडे चौकशी केलीत तर असा माणूस मिळू शकेल. लेथवर एखाद्याचं बोट गेलं, तर विमा असलेल्या कामगाराला सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आणि भत्ता मिळतो. विमा नसेल तर उपचार आणि भरपाई दोन्ही तुमच्या अंगावर येतात. ग्रॅच्युइटीपेक्षा ही जोखीम मला जास्त काळजीची वाटते.

दुसरी गोष्ट घरातली. यजमान २०२३ मध्ये गेले. उद्यम नोंदणी तुमच्या नावावर झाली, पण एमआयडीसीचा प्लॉट? तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो आणि भाडेपट्टा अजून यजमानांच्याच नावावर असेल तर वारसांच्या नावे करून घ्यायला हवा, नाहीतर उद्या कर्जाला तारण देताना काम अडेल. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, तुमची मुलं आणि सासूबाई असतील तर त्याही समान वारस आहेत. दीर त्यात येत नाहीत, हे माहीत असू द्या. वारस दाखला महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयातून, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली काढतात. सासूबाईंना आपला हिस्सा तुमच्या नावे सोडायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा, साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेऊ नका.

या सगळ्याला वकिलाची फी परवडणार नाही असं वाटलं, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. औद्योगिक कामगारालाही मिळतो, म्हणजे मामांनासुद्धा. फोन करायचा तर १५१००. जाताना जुनं मस्टर, बँकेची विवरणपत्रं, यजमानांचा मृत्यू दाखला आणि प्लॉटचा भाडेपट्टा बरोबर न्या.